कुराज्यकथेतील माणूस आणि धुळ्याचे रविवार

कादंबरीतील पात्रांची परीक्षा एकट्याने करावी की चारचौघांत बसून करावी, हा प्रश्न प्रथमदर्शनी क्षुल्लक वाटण्याचा संभव आहे. कादंबरी ही एकांतात वाचावयाची वस्तू, तिच्यातील माणसे आवडणे वा नावडणे हा ज्याच्या त्याच्या रुचीचा भाग, अशी आपली सर्वसाधारण समजूत असते. परंतु कादंबरीचा एक प्रकार असा आहे की, त्यातील माणसांचे खरे स्वरूप एकट्या वाचकास बहुधा हुलकावणी देते, आणि मंडळात बसून वाचू लागताच ते उघडे पडू लागते. त्या प्रकाराविषयी येथे चार शब्द लिहिण्याचे आम्ही योजिले आहे. त्यासाठी लागणारा मुख्य दाखला मात्र दूरदेशातून न आणता आम्ही खानदेशातून, धुळ्याच्या तुरुंगातून, घेणार आहोत.

रामराज्याचे चित्र रंगविण्याची हौस मनुष्यास पुरातन काळापासून आहे. त्याच्या उलट, भावी काळातील सर्वंकष राज्यसत्तेचे भयंकर चित्र काढून ‘या वाटेने गेलात तर येथे पोहोचाल’ असा इशारा देणाऱ्या कादंबरीस प्रौढ रूप आले ते विसाव्या शतकात. इंग्रजीत तीस डिस्टोपियन कादंबरी म्हणतात. रामराज्याच्या जोडीस शोभावे म्हणून आम्ही तीस ‘कुराज्यकथा’ म्हणू. झाम्याटिन या रशियन लेखकाने १९२०-२१ च्या सुमारास लिहिलेली ‘आम्ही’ ही या घराण्यातील वडीलधारी कादंबरी होय. तिचे इंग्रजी भाषांतर १९२४ मध्ये निघाले. स्वदेशात मात्र ती छापून निघण्यास १९८८ साल उजाडावे लागले. पुढे १९३२ मध्ये हक्स्ले यांची ‘ब्रेव्ह न्यू वर्ल्ड’, १९४९ मध्ये आपल्या मोतीहारी येथे जन्मलेल्या ऑर्वेल यांची ‘नाइन्टीन एटी-फोर’ आणि १९५३ मध्ये ब्रॅडबरी यांची ‘फॅरेनहाइट ४५१’ प्रसिद्ध झाली.

या कथांवर एक आक्षेप नेहमी घेण्यात येतो. तो असा की, त्यांतील कल्पना भव्य असली तरी माणसे पुठ्ठ्याची असतात. हरिभाऊंच्या यमूचे मन जसे पानोपानी उलगडत जाते, तिच्या दुःखात आपण जसे घरच्या माणसासारखे सामील होतो, तसे येथे घडत नाही. झाम्याटिनच्या नायकास तर नावही नाही. ‘डी-५०३’ हा त्याचा क्रमांक हेच त्याचे नाव. हा आक्षेप निराधार नाही. परंतु तो अपुरा आहे. ज्या राज्याने माणसाचे नाव, घर, आई-बाप आणि एकांत ही सर्व काढून घेतली, तेथे माणूस भरघोस उरावा कसा? त्याचे पातळ होणे हाच कथेचा विषय असतो. तथापि एवढ्याने लेखकाची सुटका होत नाही. कोणते पात्र राज्याने पातळ केले आणि कोणते लेखकाच्या हातून कच्चे राहिले, हे ओळखावयास काही कसोटी हवीच.

आमच्या मते ती कसोटी या कथांतच दडलेली आहे. या चारही कादंबऱ्यांत कोणी ना कोणी वाचतो किंवा लिहितो, आणि ते दुसऱ्याबरोबर करू पाहतो. ती प्रत्येक जागा नीट न्याहाळावी. डी-५०३ हा राज्याचा निष्ठावंत इंजिनिअर आहे. भिंती काचेच्या, दिवसाचे वेळापत्रक सर्वांस एक, स्वतःसाठी म्हणून दिवसातून दोन तास, अशा जगात तो राज्याचे गुणगान करण्यासाठी टिपणवही लिहू लागतो. परंतु गुणगान करता करता तीच वही त्याच्या मनातील खळबळ उघडी करते, आणि ती दाखवावी असा मनुष्य भोवती नसल्यामुळे लपवावी लागते. अखेरीस कल्पनाशक्ती काढून टाकणारी शस्त्रक्रिया झाल्यावर ‘हे आपणच लिहिले काय’ असा त्यालाच प्रश्न पडतो. आपल्याच शब्दांचा साक्षीदार उरू नये, यापरते एकाकीपण कोणते?

हक्स्ले यांच्या कथेत अरण्यवसाहतीत वाढलेला जॉन आपल्या मित्रास शेक्सपिअरचे ‘रोमिओ आणि ज्युलिएट’ वाचून दाखवितो. मित्र बुद्धिमान आहे, रसिकही आहे; परंतु आई-बाप मुलीस नको असलेल्या वराशी लग्न करावयास भाग पाडतात, या ठिकाणी त्यास हसू आवरत नाही. ज्या समाजात ‘आई’ हा शब्दच अश्लील ठरला, तेथे त्या प्रसंगातील दुःख कळावे तरी कसे? जॉन ग्रंथ मिटून कुलपात ठेवतो. त्याच राज्याचा नियंता मुस्तफा माँड जप्त ग्रंथ आपल्या तिजोरीत ठेवून एकटाच वाचतो. ऑर्वेलचा विन्स्टन बंदी असलेला ग्रंथ ज्युलियास मोठ्याने वाचून दाखवितो, आणि ती ऐकता ऐकता झोपी जाते. ब्रॅडबरीचा मोन्टॅग पत्नीच्या मैत्रिणींपुढे कविता वाचतो. एक रडू लागते, दुसरी संतापते, आणि हे वाचन अखेर त्याच्याविरुद्धच्या तक्रारीस कारण होते. झोप, हसू, रडू, चहाडी: सहवाचनाचा हा चार प्रकारांनी झालेला भंग आहे. कुराज्य म्हणजे काय, याचे याहून नेमके उत्तर आम्हांस आढळले नाही. जेथे दोन माणसे एक ग्रंथ मिळून वाचू शकत नाहीत, ते कुराज्य.

आता याच्या उलट टोकाची घटना पाहू. हक्स्ले यांची कादंबरी ज्या १९३२ साली निघाली, त्याच साली कायदेभंगाच्या दुसऱ्या फेरीतील सत्याग्रही धुळ्याच्या तुरुंगात डांबलेले होते. अ, ब, क अशी कैद्यांची वर्गवारी, ठरावीक काम, ठरावीक अन्न, ठरावीक घंटा. माणसाचा क्रमांक करून टाकणारी सर्व सामग्री तेथे सिद्ध होती. अशा ठिकाणी विनोबांनी २१ फेब्रुवारीच्या रविवारी गीतेच्या पहिल्या अध्यायावर प्रवचन दिले, आणि दर रविवारी एक याप्रमाणे १९ जून रोजी अठरावा अध्याय पुरा केला. अठरा अध्याय, अठरा रविवार. मध्ये एकही खंड नाही. ऐकावयास जमनालाल बजाज यांच्यासारखे धनिक होते, तसे साधे कार्यकर्तेही होते. आणि हे सर्व लिहून घेण्यास साने गुरुजी होते.

हा योग आकाशातून पडलेला नव्हता. खानदेशात मिळून वाचण्याची व मिळून विचार करण्याची भूमी आधीच नांगरलेली होती. अमळनेरास श्रीमंत प्रतापशेठ यांनी १९१६ मध्ये तत्त्वज्ञान मंदिर स्थापिले होते. त्याच गावच्या प्रताप हायस्कुलात १९२४ ते १९३० पर्यंत शिक्षक असताना साने गुरुजी वसतिगृहातील मुलांसाठी ‘छात्रालय दैनिक’ स्वहस्ते लिहून काढीत. धुळ्यास इतिहासाचार्य राजवाडे यांचे १९२६ च्या अखेरीस देहावसान झाले, आणि त्यांच्या दप्तरांचा सांभाळ व अभ्यास व्हावा म्हणून पुढच्याच वर्षी त्यांच्या नावे संशोधन मंडळ उभे राहिले. पुढे १९३६ मध्ये जळगावास माधव जूलियन यांच्या आणि १९४४ मध्ये धुळ्यास मामा वरेरकर यांच्या अध्यक्षतेखाली साहित्य संमेलने भरली, तीही याच भूमीवर. तेव्हा तुरुंगातील रविवार हे या परंपरेतील एक पान होय. केवळ ते पान दगडी भिंतीआड लिहिले गेले.

आमच्या विषयाच्या दृष्टीने विशेष मोलाचे आहे ते पहिले प्रवचन. कारण ते मुख्यतः एका पात्राचे परीक्षण आहे. अर्जुन युद्धास उभा राहतो, स्वजनांना पाहतो आणि धनुष्य खाली ठेवतो. त्याच्या तोंडी वैराग्याची व पापभीरुतेची भाषा आहे. तिच्यावर विश्वास ठेवून त्यास अहिंसेचा पुरस्कर्ता ठरविणे सोपे होते. आणि समोर बसलेले श्रोते अहिंसेच्याच लढ्यात तुरुंगात आलेले असल्यामुळे तसे ठरविणे त्यांस प्रियही झाले असते. विनोबांनी तसे केले नाही. अनेक लढाया मारलेल्या या वीरास आजच हिंसेचा तिटकारा का आला, असे त्यांनी विचारले. शेकडो अपराध्यांस फाशी देणारा न्यायाधीश, स्वतःचा मुलगा आरोपी म्हणून समोर येताच फाशीच्या शिक्षेचे दोष सांगू लागतो, असा दृष्टान्त देऊन त्यांनी दाखविले की, अर्जुनाचे तत्त्वज्ञान हे मोहाने पांघरलेले वस्त्र आहे. पात्र काय बोलते आणि त्यास कोण बोलवीत आहे, या दोहोंतील अंतर मोजणे, हीच स्वभावपरीक्षणाची पहिली पायरी होय. आणि हे मोजमाप श्रोत्यांच्या आवडत्या समजुतीविरुद्ध जाऊनही त्यांच्यासमोरच करणे, हे मंडळातील अध्ययनाचे बळ होय.

येथे दोन शंका निघतील. पहिली अशी की, बोलणारे विनोबा एकटे, इतर केवळ श्रोते. यास सहाध्ययन कसे म्हणावे? शंका रास्त आहे. परंतु प्रवचन आणि प्रवचन यांच्यामध्ये सहा दिवस होते. कामात, चालताबोलताना ऐकलेले घोळविण्यास तेवढा अवधी मिळत होता. विनोबांनी १९३०-३१ मध्ये रचिलेल्या ‘गीताई’मुळे मूळ ग्रंथही मायबोलीत आला होता. शिवाय लिहून घेणारा हा निव्वळ श्रोता नसतो. साने गुरुजींनी टिपून ठेवले म्हणूनच ‘गीता-प्रवचने’ हा ग्रंथ आज आपल्या हाती आहे व अनेक भारतीय भाषांत गेला आहे. डी-५०३ ची वही लिहिणाऱ्यासच परकी झाली; येथे एकाचे बोलणे दुसऱ्याच्या हाताने सर्वांचे झाले. आसोद्याची लेक बहिणाबाई अक्षरशत्रू खऱ्या, पण घरच्या माणसांनी ऐकून टिपून ठेवल्या म्हणून त्यांच्या ओव्या १९५२ मध्ये ग्रंथरूपाने आल्या. ऐकणारा आणि टिपणारा भेटणे, याचे मोल खानदेशास निराळे सांगावयास नको.

दुसरी शंका अधिक खोल आहे. इंग्रजांचा तुरुंग आणि ऑर्वेलचे राज्य यांची तुलना होईल काय? सरसकट होणार नाही, आणि तेच ध्यानात घेण्यासारखे आहे. धुळ्याच्या तुरुंगाने शरीर कोंडले, पण रविवार मोकळा राहू दिला. कुराज्य प्रथम रविवारच कोंडते. विन्स्टनच्या हाती पडलेला बंडखोरांचा ग्रंथसुद्धा आपण इतरांच्या साहाय्याने लिहिला, असे त्याचा छळ करणारा ओब्रायन सांगतो! बंडाचे पाठ्यपुस्तकही जेथे सत्तेच्या कचेरीत तयार होते, तेथे विनोबा जन्मणार कोठून? म्हणून आमचे म्हणणे एवढेच की, धुळ्याची घटना कुराज्यावरचा उतारा नसून कुराज्य कशास भिते याचा पुरावा आहे.

ही दृष्टी घेऊन एखाद्या वाचकमंडळाने ‘नाइन्टीन एटी-फोर’ अभ्यासावयास घेतली तर काय घडेल, ते पाहण्यासारखे आहे. प्रत्येकाने एकेक पात्र वाटून घ्यावे आणि तीन प्रश्न विचारावेत: हा बोलतो काय, पाहणारा कोणी नसताना करतो काय, आणि कोणाबरोबर वाचू शकतो. पार्सन्स हा विन्स्टनचा शेजारी. घामट, उत्साही, मूर्ख. एकट्या वाचकास तो विनोदासाठी घातलेला वाटतो. परंतु झोपेतील बडबडीवरून त्याच्या लहानग्या मुलीनेच त्यास पकडून दिले, आणि कोठडीत तो तिचा अभिमान सांगतो, हे वाक्य मंडळात मोठ्याने वाचले गेले की हसणे थांबते. कारण बसलेल्यांत कोणी बाप असतो, कोणी मुलगी असते. तो अभिमान खरा की भयाने शिकविलेला, यावर मतभेद व्हावा. तो झाला पाहिजे.

ज्युलियाविषयी तर वाद अटळ आहे. एक म्हणेल, ग्रंथ ऐकताना झोपणारी ही उथळ मुलगी; लेखकाने स्त्रीपात्रास न्याय दिला नाही. दुसरी म्हणेल, विन्स्टनला जे ग्रंथातून कळावे लागते ते तिला आधीच ठाऊक आहे. राज्य खोटे बोलते हे समजण्यास तिला प्रकरणे वाचावी लागत नाहीत. तिसरा पुस्तक उघडून दाखवील की, तिचे मन आपणास सदैव विन्स्टनच्या डोळ्यांनीच दिसते, तेव्हा उथळपणा तिचा की पाहणाऱ्याचा? आमचे स्वतःचे मत तिसऱ्याकडे झुकते. ज्युलियाचे चित्र अर्धे राहिले आहे, आणि हा दोष कुराज्याच्या माथी मारता येणार नाही. तो ऑर्वेलचा आहे. उलट पार्सन्स थोडक्या ओळींत पुरा झाला आहे. राज्याने पातळ केलेला माणूस आणि लेखकाने कच्चा ठेवलेला माणूस यांतील भेद तो हाच. आणि तो तिघांच्या वादातून जितका स्वच्छ दिसतो, तितका एकट्याच्या मननातून दिसत नाही.

आज प्रत्येकाच्या हाती स्वतंत्र पडदा आहे आणि घरातील चार माणसे चार निराळ्या गोष्टी वाचीत एका खोलीत बसतात. यास कोणी सक्ती केलेली नाही. म्हणूनच ते अधिक विचार करण्याजोगे आहे. आठवड्यातून एक दिवस, एक ग्रंथ, पाच-सात माणसे, आणि टिपून घेणारा एक, एवढ्या सामग्रीवर धुळ्यास जे झाले ते जळगाव, चोपडे, शहादे येथील कोणत्याही घराच्या ओसरीवर होऊ शकेल.

झाम्याटिनने आपल्या कादंबरीस ‘आम्ही’ हे नाव दिले ते उपहासाने. त्याच्या राज्यातील ‘आम्ही’ हा ‘मी’ पुसून तयार होतो. सर्व एकाच वेळी घास चावतात, पण कोणी कोणाशी वाद घालीत नाही. वाचकमंडळाचा ‘आम्ही’ निराळ्या मातीचा आहे. त्यात प्रत्येक ‘मी’ आपले मत घेऊन येतो, दुसऱ्याच्या मताने ते घासून पाहतो, आणि उठताना थोडा अधिक भरीव होऊन उठतो. कुराज्यकथेतील माणसे हा दुसरा ‘आम्ही’ शोधता शोधता हरतात. ती का हरली, हे आपणांस नीट कळावयाचे तर त्यांच्याविषयी एकट्याने हळहळून भागणार नाही. मिळून वाचावे लागेल.