हौसेचे मोल : हौशी चित्रफितीच्या इतिहासाविषयी

'हौशी' हे विशेषण मराठी समीक्षेत प्रायः न्यूनतादर्शक म्हणूनच वापरले जाते. हौशी कवी, हौशी नट असे म्हणताना 'अद्याप पुरता न घडलेला' हाच अर्थ आपल्याला अभिप्रेत असतो. १९५४ साली सुरू झालेल्या राज्य नाट्यस्पर्धेने हौशी रंगभूमीला प्रतिष्ठा मिळवून दिली हे खरे. परंतु तेथेही तिचा गौरव बहुधा 'व्यावसायिक रंगभूमीला नट आणि नाटककार पुरवणारी शाळा' असाच होत राहिला. म्हणजे हौशी कृतीचे मूल्य तिच्या स्वतःत नसून ती पुढे कोठे पोहोचते यात आहे, असे आपण गृहीत धरले. २००५ नंतर आंतरजालावर सामान्य माणसांनी निर्माण केलेल्या असंख्य चित्रफितींकडे पाहताना हेच गृहीतक आड येते. 'हौशी' ही कौशल्याची खालची पायरी नसून संबोधनाची एक स्वतंत्र रीत आहे, आणि इतिहासक्रमात या रीतीचा दोनदा संकोच झाला, अशी मांडणी प्रस्तुत लेखात करावयाची आहे.

प्रथम शब्दाचा विचार करू. अमेरिकन चित्रपटकर्ती माया डेरेन हिने १९५९ च्या सुमारास लिहिलेल्या एका छोट्या निबंधात 'अ‍ॅमेच्युअर' या शब्दाच्या लॅटिन मुळाकडे, म्हणजे 'प्रेम करणारा' या अर्थाकडे लक्ष वेधले होते. व्यावसायिकाला नसलेले स्वातंत्र्य हेच हौशी निर्मात्याचे भांडवल होय, असा तिचा युक्तिवाद होता. मराठी 'हौस' हा शब्द 'हवस' या अरबी-फारसी शब्दापासून आला आहे. त्यात प्रेमापेक्षा इच्छेचा, उत्कंठेचा अंश अधिक आहे. 'हौसेला मोल नाही' ही आपली म्हण या दृष्टीने विचारार्ह आहे. हौसेपायी केलेल्या खर्चाचा हिशेब करायचा नसतो, हा तिचा रूढ अर्थ. पण हौसेची किंमत बाजारात ठरत नाही, असाही अर्थ तिच्यात सुप्तपणे वावरतो. हौशी चित्रफितीचा इतिहास हा या दुसऱ्या अर्थाच्या पराभवाचा इतिहास आहे काय, हा खरा प्रश्न आहे.

चित्रपटाच्या आरंभकाळात हौशी आणि व्यावसायिक हा भेद पुरता घडलाच नव्हता. हरिश्चंद्र सखाराम भाटवडेकर ऊर्फ सावे दादा यांनी १८९९ साली मुंबईच्या हँगिंग गार्डनमध्ये एका कुस्तीचे चित्रण केले, आणि १९०१ साली रँग्लर परांजपे विलायतेहून परतले तेव्हा त्यांच्या स्वागताचे. दादासाहेब फाळके यांनी १९१२ साली एका रोपट्याची वाढ टप्प्याटप्प्याने टिपून लहानसा चित्रपट तयार केला. या कृती हौशी की व्यावसायिक, हा प्रश्न त्या काळाला लावणे हा कालविपर्यास ठरेल. हा भेद स्थिर झाला तो यंत्रांच्या बाजारपेठेमुळे. कोडॅक कंपनीने १९२३ साली सोळा मिलिमीटरची आणि १९३२ साली आठ मिलिमीटरची फिल्म बाजारात आणली, आणि 'मोठी' फिल्म व्यवसायाची, 'लहान' फिल्म घरातली, अशी विभागणी रूढ झाली. पॅट्रिशिया झिमरमन यांनी १९९५ साली प्रसिद्ध झालेल्या आपल्या ग्रंथात अमेरिकेतील या प्रक्रियेचा इतिहास सांगितला आहे. विसाव्या शतकाच्या मध्यापर्यंत हौशी चित्रणाच्या सार्वजनिक शक्यता मावळत गेल्या आणि ते वाढदिवस, सहली, मुलांची पहिली पावले यांपुरते उरले, हे त्यांचे प्रतिपादन आहे. हौशी कृतीचा हा पहिला संकोच होय : ती घरात बसवली गेली.

२००५ साली घराचा हा उंबरठा ओलांडला गेला. त्या वर्षीच्या २३ एप्रिल रोजी यूट्यूबच्या तीन संस्थापकांपैकी एक असलेल्या जावेद करीम यांची एकोणीस सेकंदांची चित्रफीत त्या स्थळावर चढवली गेली. प्राणिसंग्रहालयात हत्तींसमोर उभे राहून ते हत्तींच्या सोंडेविषयी दोन वाक्ये बोलतात. एवढाच तिचा आशय. विषय घरगुती सहलीचाच आहे. बदलला आहे तो श्रोता. ही वाक्ये कोणा नातलगाला उद्देशून नाहीत आणि तिकीट काढून आलेल्या प्रेक्षकवर्गालाही नाहीत. 'जो कोणी पाहील तो' असा हा श्रोता आहे. आरंभी हे स्थळ स्वतःचे वर्णन चित्रफितींचे भांडार असे करीत असे. लवकरच त्याऐवजी 'स्वतःला प्रक्षेपित करा' अशा आशयाचे घोषवाक्य आले. भांडारात वस्तू ठेवली जाते. प्रक्षेपणात कोणाला तरी हाक मारली जाते.

या हाकेला उत्तर येत असे, ही गोष्ट अधिक महत्त्वाची. २००६ च्या ऑगस्टमध्ये पीटर ओकली या अठ्ठ्याहत्तर वर्षांच्या इंग्रज गृहस्थांनी आपल्या पहिल्याच अडखळत्या प्रयत्नाची चित्रफीत प्रसिद्ध केली. पुढे त्यांनी आपल्या आयुष्याची कहाणी भागाभागाने सांगितली. नातवंडांच्या वयाच्या प्रेक्षकांशी त्यांचा संवाद जुळला आणि त्या वर्षी त्यांच्या अनुसारकांची संख्या या स्थळावरील सर्वांत मोठ्या संख्यांपैकी एक ठरली. एका चित्रफितीला दुसऱ्या चित्रफितीने उत्तर देण्याची रीतसर सोय तेव्हा तेथे होती. त्यामुळे स्वतंत्र, पूर्ण आणि बंदिस्त संहिता ही आपली नेहमीची कल्पना येथे अपुरी पडते. कृतीचे एकक एकटी चित्रफीत नसून हाक आणि प्रतिसाद यांची साखळी असते.

ही रीत किती लवकर ओळखीची झाली होती, हे तिच्या अनुकरणावरून कळते. २००६ च्या जूनपासून 'लोन्लीगर्ल१५' या नावाने एक सोळा वर्षांची मुलगी आपल्या खोलीत बसून दैनंदिनीसारखे बोलू लागली. सप्टेंबरात उघड झाले की ती जेसिका रोझ ही अभिनेत्री असून संहिता, दिग्दर्शन सारे योजनापूर्वक केलेले आहे. फिलिप लज्यून यांनी १९७५ साली मांडलेली 'आत्मचरित्रात्मक करारा'ची संकल्पना येथे उपयोगी पडते. लेखक, निवेदक आणि व्यक्तिरेखा एकच आहेत, या हमीवर वाचक विश्वासतो. पाहणाऱ्यांचा क्षोभ झाला तो चित्रण खोटे होते म्हणून नव्हे, करार मोडला म्हणून. कारागिरीतील उणिवा, अपुरा प्रकाश, खोलीचा पसारा यांची हुबेहूब नक्कल होऊ शकली, याचा अर्थ त्या केवळ उणिवा राहिल्या नव्हत्या. त्या एका वाङ्मयप्रकाराच्या संकेत झाल्या होत्या.

दुसरा संकोच सुरू झाला २००७ साली. त्या वर्षी निवडक निर्मात्यांना जाहिरातींच्या उत्पन्नात वाटा देण्याची योजना आली. २०१२ साली शिफारशींसाठी किती वेळा पाहिले यापेक्षा किती वेळ पाहिले हे मोजले जाऊ लागले. २०१३ साली चित्रफितीने उत्तर देण्याची सोय काढून टाकण्यात आली. २०१८ च्या जानेवारीत उत्पन्नासाठी एक हजार अनुसारक आणि वर्षभरात चार हजार तास प्रेक्षणवेळ अशी अट घालण्यात आली. या चार घटनांचा एकत्रित अर्थ असा की हौशी निर्माता आता उमेदवार झाला. अटीच्या अलीकडे असलेला प्रत्येक जण 'अजून न पोहोचलेला' ठरला. जत्रेत हौशे, नवशे आणि गवशे येतात असे आपण म्हणतो. येथे जत्रा भरवणाऱ्यानेच हौशांना नवस बोलायला लावले, आणि देवाच्या जागी आकडा बसवला.

या मांडणीवर एक गंभीर आक्षेप घेता येईल. हौसेला फुरसत लागते, आणि आपल्या समाजात फुरसतीचे वाटप जात, वर्ग आणि लिंग यांनुसार झाले आहे. २०१६ नंतर भारतात मोबाइलवरील आंतरजाल स्वस्त झाले तेव्हा ज्यांच्या हाती प्रथमच चित्रणाचे साधन आले, त्यांच्यापैकी अनेकांसाठी चार पैशांची आशा हेच वेळ काढण्याचे एकमेव समर्थन होते. निवृत्तिवेतनावर जगणाऱ्याची निरपेक्षता त्यांच्याकडून मागणे अन्यायाचे होईल. हा आक्षेप मान्य केला पाहिजे. मात्र त्यातून कमाईचे समर्थन होते, एकमेव मोजमापाचे नव्हे. समीक्षेनेही तेच मोजमाप स्वीकारले, तर जे प्रसिद्ध झाले तेच अभ्यासविषय ठरेल आणि उरलेले सारे केवळ कच्चा माल.

आपल्या परंपरेत याला एक उत्तर उपलब्ध आहे. जात्यावरची ओवी रचणारी स्त्री हौशी कवयित्री होती की व्यावसायिक, असे आपण विचारत नाही. ती सखीला, भावाला, विठ्ठलाला हाक मारते; तिची ओवी शेजारीण उचलते, बदलते, पुढे नेते. हेमा राइरकर आणि गी पॉइतवाँ यांनी सहकाऱ्यांसह खेडोपाडी फिरून एक लाखाहून अधिक ओव्या जमवल्या, म्हणून त्यांचा अभ्यास आज शक्य आहे. आंतरजालावरील हौशी चित्रफितींना असा संग्राहक लाभलेला नाही. त्यांचे भांडार खासगी मालकीचे आहे. याहूने २०११ साली आपल्या सेवेवरील सामान्य वापरकर्त्यांच्या चित्रफिती काढून टाकल्या. २९ जून २०२० रोजी भारत सरकारने टिकटॉकवर बंदी घातली, तेव्हा खेड्यापाड्यांतील स्त्रीपुरुषांनी तेथे केलेली निर्मिती भारतीय अभ्यासकाच्या दृष्टीआड गेली. बंदीच्या योग्यायोग्यतेचा प्रश्न निराळा; त्या निर्मितीची नोंद आपण ठेवली नव्हती, ही गोष्ट तिच्यावर अवलंबून नाही.

म्हणून मराठीच्या अभ्यासकांपुढील काम प्रथम संग्रहाचे आहे आणि नंतर सिद्धान्ताचे. संग्रह करताना निवडीचा निकष प्रेक्षकसंख्येचा नसावा. कोण कोणाला, कोणत्या बोलीत, कोणत्या नात्याने हाक मारते, हा असावा. या चित्रफितींत वऱ्हाडी, अहिराणी, मालवणी बोली ज्या सहजतेने बोलल्या जातात, तशा त्या आपल्या छापील वाङ्मयात क्वचितच उतरल्या आहेत. एवढे एकच कारणही या कामाला हात घालण्यास पुरेसे आहे.