क्रोशाच्या सुईवरची भाकर

बोटे नसलेला हातमोजा ही वरवर पाहता अपुरी वाटणारी वस्तू आहे. मनगट झाकलेले, तळहात झाकलेला, अंगठ्यासाठी एक फट ठेवलेली आणि बोटांची टोके मात्र उघडी. थंडीपासून हातांचे रक्षण करावयाचे, तर बोटेच का उघडी ठेवावयाची, असा प्रश्न आपल्या उबदार किनारपट्टीवर राहणाऱ्या माणसाला पडणे स्वाभाविक आहे. पण थंड मुलुखांत ह्या हातमोज्याचा उपयोग सर्वांना ठाऊक असतो. पूर्ण हातमोजा हा चालणाऱ्या किंवा विसावलेल्या हातासाठी असतो. बिनबोटांचा हातमोजा कामात असलेल्या हातासाठी असतो. नाणी मोजणारा भाजीवाला, मासळी निवडणारी कोळीण, गारठलेल्या वर्गात लेखणी धरणारे मूल, ह्यांना ऊब हवी असते, पण बोटे बांधून घेणे परवडत नाही.

हा हातमोजा क्रोशाने करणे फार सोपे आहे. मनगटाच्या वरपासून बोटांच्या मुळापर्यंत जेवढी लांबी हवी, तेवढी साखळी घालावयाची. मग त्या साखळीवर ओळीमागून ओळ विणावयाची. प्रत्येक टाका घेताना आधीच्या ओळीच्या दोन धाग्यांपैकी फक्त मागचा धागा उचलला, म्हणजे कापडाला उभ्या पन्हळी पडतात आणि ते ताणले जाऊन हाताला बिलगते. तळहाताला वेढा बसेल इतक्या ओळी झाल्या, की दोन्ही कडा जोडावयाच्या आणि अंगठा बाहेर येईल एवढी फट मध्ये राखावयाची. मुलासाठी साखळी आखूड आणि ओळी कमी, मोठ्या माणसासाठी साखळी लांब आणि ओळी जास्त, एवढाच काय तो फरक. एक आकडा, एक धागा आणि दोन हात ह्यांखेरीज दुसरे काही लागत नाही. ना माग लागतो, ना चरखा, ना भांडवल. क्रोशाचा इतिहास गरिबांच्या इतिहासाशी इतका घट्ट विणला गेला, त्याचे एक कारण ह्या साधेपणात आहे.

‘क्रोशे’ ह्या फ्रेंच शब्दाचा अर्थ ‘लहानसा आकडा’. ही कला फार पुरातन असावी असा आपला समज असतो, पण छापील पुरावा तसे सांगत नाही. क्रोशे हे नाव देऊन ह्या विणकामाच्या कृती प्रथम छापल्या गेल्या त्या ‘पेनेलोपे’ नावाच्या एका डच नियतकालिकात, १८२३ साली. त्या कृती रेशमी बटव्यांच्या होत्या. पुढच्या दोन दशकांत ही कला युरोपातील सुखवस्तू घरांच्या दिवाणखान्यांत पोहोचली. त्याच काळात उच्चभ्रू स्त्रियांमध्ये जाळीदार, बिनबोटांच्या हातमोज्यांची चलती होती. १८४० च्या दशकात इंग्लंडमध्ये विणकामाच्या कृतींची पुस्तके भराभर निघू लागली आणि त्यांत ह्या हातमोज्यांच्याही कृती असत. एलेओनोर रिएगो द ला ब्रांशार्दिएर ह्या बाईंचे पहिले पुस्तक १८४६ साली निघाले. त्यांची आई आयरिश होती.

अशा रीतीने कष्टकऱ्यांच्या उपयोगाची ही वस्तू श्रीमंतांच्या हातांवर नाजूक जाळी होऊन मिरवू लागली. ती जाळी विणण्याचे काम मात्र लवकरच पुन्हा गरिबांच्या हातांत आले, आणि ते आले एका भीषण दुष्काळाच्या वाटेने.

१८४५ साली आयर्लंडच्या बटाट्यावर रोग पडला. गरीब आयरिश शेतमजुराचे कुटुंब जवळजवळ सर्वस्वी बटाट्यावर जगत असे. जमीन दुसऱ्याची, खंड रोखीत भरावयाचा आणि पोट भरावयाचे ते झोपडीमागच्या तुकड्यात पिकणाऱ्या बटाट्यावर. तो पीक काढण्याआधीच शेतात काळा पडून कुजू लागला. पुढच्या वर्षी रोग सर्वदूर पसरला. १८४७ हे वर्ष तर आयरिश माणसाच्या स्मृतीत ‘काळे सत्तेचाळीस’ म्हणूनच राहिले आहे. उपासमारीने आणि तापाच्या साथींनी सुमारे दहा लाख माणसे दगावली आणि त्याहून अधिक माणसे देश सोडून गेली. १८४१ च्या शिरगणतीत आयर्लंडची लोकसंख्या ८१ लाखांवर होती. १८५१ साली ती सुमारे ६५ लाखांवर आली. ह्याच वर्षांत आयर्लंडच्या बंदरांतून धान्याने आणि जनावरांनी भरलेली जहाजे इंग्लंडकडे जात होती. देशात अन्न होते, पण ते विकत घेण्याची ऐपत गरिबाजवळ नव्हती.

दक्षिणेकडील कॉर्क शहराजवळ ब्लॅकरॉक येथे उर्सुलाईन धर्मभगिनींचा मठ होता. ह्या भगिनींना आयर्लंडमध्ये आणणारी स्त्री म्हणजे नॅनो नेगल. १७१८ साली जन्मलेल्या ह्या स्त्रीने, कॅथलिकांच्या शाळांवर कायद्याने बंदी असताना, कॉर्कच्या गल्ल्यांत गरिबांच्या मुलांसाठी गुप्तपणे शाळा चालवल्या. १७७१ साली तिच्या पुढाकाराने उर्सुलाईन भगिनी कॉर्कमध्ये आल्या. परंतु त्या बंदिस्त व्रतधारिणी होत्या. मठाची भिंत ओलांडून गरिबांच्या दाराशी जाणे त्यांच्या नियमांत बसत नव्हते. म्हणून नॅनोने १७७५ साली स्वतःचा निराळा संघ उभारला. त्यातूनच पुढे प्रेझेंटेशन धर्मभगिनींचा संघ आकारास आला. १८४२ साली त्या संघाच्या भगिनी मद्रासला उतरल्या, आणि आपल्या देशाशीही ह्या परंपरेचा धागा जुळला.

दुष्काळ आला तेव्हा ह्या दोन्ही संघांच्या मठांनी सुईदोरा हाती घेतला. ब्लॅकरॉकच्या भगिनी आपल्या शाळेतील गरीब मुलींना क्रोशे शिकवू लागल्या. यॉल गावच्या प्रेझेंटेशन मठात मदर मेरी ॲन स्मिथ ह्यांनी जुन्या इटालियन लेसचा एक तुकडा घेऊन त्याचा टाका न टाका उसवला. तो कसा घातला आहे हे त्या स्वतः शिकल्या आणि मग त्यांनी तो मुलींना शिकवला. १८५२ साली तेथे लेसची शाळा उभी राहिली. यॉलचे काम साध्या सुईचे होते, कॉर्कचे आकड्याच्या सुईचे. पण दोहोंमागील विचार एकच होता. भुकेल्याला आज वाढलेले अन्न उद्या पुरत नाही. हाताला काम मिळाले, तर उद्याचीही सोय होते.

क्रोशाचा मोठा गुण त्याचा वेग. व्हेनिसची सुईची लेस करावयास जेवढा वेळ लागे, त्याच्या एका लहानशा अंशात तशीच दिसणारी क्रोशाची लेस तयार होई. शिवाय आयरिश स्त्रियांनी कामाची वाटणीही नामी केली. गुलाबाचे फूल, तीन पानांचे शॅमरॉक, नेचाची पाने, द्राक्षांचे घड असे नक्षीचे तुकडे निरनिराळ्या घरांत विणले जात. मग ते एका कापडावर मांडून बारीक जाळीने एकमेकांना जोडले जात. एखाद्या घराची विशिष्ट नक्षी त्या घराचे गुपित मानली जाई आणि आईकडून मुलीकडे जाई.

येथे एक गोष्ट आवर्जून नोंदवली पाहिजे. हे काम केवळ कॅथलिक मठांनी केले असे नाही. कॉर्कमध्येच १८४७ साली सुझॅना मेरेडिथ ह्या प्रोटेस्टंट बाईंनी मुलींसाठी क्रोशाची शाळा काढली. उत्तरेकडील मोनाहन परगण्यातील क्लोन्स गावी त्याच वर्षी अँग्लिकन धर्मगुरू टॉमस हँड आपल्या कुटुंबासह आले. त्यांच्या पत्नी कॅसँड्रा हँड ह्यांनी किल्डेअर परगण्यातून एक शिक्षिका बोलावून घेऊन गावातील स्त्रियांना क्रोशे शिकवले. त्यातून ‘क्लोन्स लेस’ जन्मास आली आणि तिच्या उत्पन्नातून त्या मुलुखात शाळाही उभ्या राहिल्या. धर्मभेदाने दुभंगलेल्या त्या देशात एकाच आकड्याच्या सुईने मठातील व्रतस्थ भगिनी आणि अँग्लिकन धर्मगुरूची पत्नी एकच काम करीत होत्या. ख्रिस्तैक्याची बोलणी सुरू होण्यास अजून कितीतरी वर्षांचा अवकाश होता.

ह्या कमाईवर घरे तगली. कित्येक मुलींनी क्रोशाच्या पैशांतून खंड भरला, धाकट्या भावंडांना जगवले, आणि पुष्कळजणींनी अमेरिकेच्या जहाजाचे भाडेही त्याच पैशांतून जमवले. ही कथा येथेच संपवली, तर ती गोड होईल. पण पुरती खरी होणार नाही.

आयरिश लेसची मागणी पॅरिस आणि लंडनच्या लहरीवर अवलंबून होती. फॅशन बदलली की झोपडीतले काम थांबे. विणणारी आणि विकत घेणारी ह्यांच्यामध्ये दलाल उभा असे, आणि भाव तो ठरवी. वायव्येकडील डोनेगाल परगण्यात मोजे आणि हातमोजे विणणाऱ्या स्त्रियांची दशा तर ह्याहून बिकट होती. सूत दुकानदार देई, विणलेला माल तोच घेई आणि मोबदला अनेकदा रोखीऐवजी चहा-साखरेच्या रूपाने, त्याच्याच दुकानातून आणि त्याच्याच भावाने मिळे. दिवसभर विणूनही घरातले कर्ज फिटत नसे. दुष्काळात जी सुई तारक ठरली, ती पुढे शोषणाचे साधनही होऊ शकली. अशा वेळी दयेची पुढची पायरी गाठावी लागते, आणि ती पायरी म्हणजे न्याय.

१५ मे १८९१ रोजी पोप लिओ तेरावे ह्यांनी ‘रेरुम नोवारुम’ हे परिपत्रक प्रसिद्ध केले. मजुराने गरजेपोटी कमी मजुरी मान्य केली म्हणून ती न्याय्य ठरत नाही. साध्या राहणीच्या मजुराचा निर्वाह होईल एवढी मजुरी देणे ही निसर्गनियमाची मागणी आहे, असे त्यांनी शिकवले. ही शिकवण नवी नव्हती. याकोबाच्या पत्रात, शेत कापणाऱ्यांची अडकवून ठेवलेली मजुरी देवाच्या कानी ओरडत असल्याचा इशारा आहेच. परंतु गिरण्यांच्या आणि दलालांच्या युगाला ती पुन्हा सांगावी लागली.

पुढच्याच वर्षी, १८९२ साली, आयर्लंडच्या मेयो परगण्यातील फॉक्सफर्ड ह्या दरिद्री गावी सिस्टर्स ऑफ चॅरिटी संघाच्या मदर ॲग्नेस मॉरो-बर्नार्ड ह्यांनी मॉय नदीच्या पाण्यावर चालणारी लोकरीची गिरणी काढली. तिला त्यांनी नाव दिले ‘प्रॉव्हिडन्स’, म्हणजे देवाची तजवीज. गिरणीचा धंदा त्यांना ठाऊक नव्हता. तो शिकण्यासाठी त्यांनी टिरोन परगण्यातील एका प्रोटेस्टंट गिरणीमालकाचे साहाय्य मागितले आणि त्यांनी ते मोकळ्या मनाने दिले. गावाला गावातच काम मिळाले. फॉक्सफर्डच्या कांबळी आणि शाली आजही प्रसिद्ध आहेत.

हा प्रश्न दूरच्या देशाचा किंवा गेलेल्या काळाचा आहे असे कोणी समजू नये. आंध्र प्रदेशात गोदावरीच्या काठी नरसापूर नावाचे गाव आहे. एकोणिसाव्या शतकात मिशनऱ्यांनी तेथील गरीब ख्रिस्ती स्त्रियांना क्रोशाची लेस शिकवली. पुढे कापू समाजाच्या स्त्रियाही ती करू लागल्या आणि नरसापूरची लेस परदेशी जाऊ लागली. जर्मन समाजशास्त्रज्ञ मारिया मीस ह्यांनी ह्या स्त्रियांचा अभ्यास करून १८८२ नव्हे, तर अगदी अलीकडे, १९८२ साली, त्यावर ग्रंथ लिहिला. त्यांना असे दिसले की, जगाच्या बाजारासाठी दररोज कित्येक तास राबणाऱ्या ह्या स्त्रियांना कोणी कामगार म्हणतच नव्हते. त्या ‘गृहिणी’, आणि त्यांचे श्रम म्हणजे ‘फावल्या वेळचा उद्योग’. एकदा काम फावल्या वेळचे ठरले, की मजुरीही फावल्या वेळचीच द्यावयाची. २०२४ साली नरसापूरच्या क्रोशाच्या लेसला भौगोलिक मानांकन मिळाले. कलेला नाव मिळाले ही आनंदाची गोष्ट होय. त्या नावाबरोबर विणणारणीला दामही मिळावयास हवा.

क्रोशाविषयी आणखी एक गोष्ट ध्यानी घेण्याजोगी आहे. साधे विणकाम यंत्रे केव्हापासूनच करू लागली आहेत. क्रोशाचा खरा टाका मात्र कारखान्यातील यंत्रांना साधलेला नाही. यंत्राचे ‘क्रोशे’ म्हणून जे विकले जाते, ते बहुधा निराळ्या पद्धतीचे विणकाम असते. ह्याचा अर्थ असा की, खऱ्या क्रोशाची वस्तू दुकानात कितीही स्वस्त मिळो, तिचा टाका न टाका कोणा माणसाच्या बोटांनी घातलेला असतो. ती फारच स्वस्त असेल, तर तिच्या किमतीतला एखादा भाग त्या बोटांनी उपाशी राहून भरलेला असण्याचा संभव असतो.

प्रेषितांची कृत्ये ह्या पुस्तकाच्या नवव्या अध्यायात यापो येथील टबीथा, म्हणजे दुर्कस, हिची हकीकत आहे. ती मरण पावली तेव्हा गावच्या विधवा रडत पेत्राभोवती जमल्या आणि तिने केलेले अंगरखे व वस्त्रे त्याला दाखवू लागल्या. तिच्या पुण्याईचा पुरावा म्हणून त्यांच्यापाशी शिवलेले कापड होते, आणि तेवढा पुरावा पुरला. गरिबांसाठी राबणारे हात आदिख्रिस्तसभेने असे सन्मानाने नोंदवून ठेवले आहेत.

आपल्या घरांतील वेदीवरची क्रोशाची झालर, धर्मगुरूच्या शुभ्र झग्याची लेस, नाताळच्या विक्रीत मांडलेले टेबलावरचे रुमाल, हे सारे कोणाच्या तरी बोटांतून आलेले असते. धर्मग्रामातील एखादी भगिनी अशी वस्तू विकावयास आणील, तेव्हा भाव पाडण्याआधी तिला किती संध्याकाळी लागल्या हे विचारावे. महिला मंडळाने किंमत ठरवताना सुताच्या खर्चाबरोबर तासांचाही हिशेब मांडावा. आणि नाताळच्या थंडीत हिमालयाच्या पायथ्याशी किंवा परदेशी असलेल्या नातवंडासाठी कोणी आजी बिनबोटांचे हातमोजे विणावयास बसली, तर तिने शेजारी एका मुलीलाही बसवून घ्यावे आणि पहिली साखळी घालावयास शिकवावे. त्याच वेळी, ह्या कामाला मोल असते हेही तिला सांगावे.