कानातला वाटाड्या

वस्तुसंग्रहालयाच्या दारात गळ्यात अडकवायला जे बोलकं यंत्र मिळतं, त्या ऑडिओ गाइडचं मूळ घर ॲमस्टरडॅम. तिथल्या स्टेडेलिक म्युझियममध्ये १९५२ साली हा प्रयोग झाला. दालनाभोवती तारेचा वेढा, टेपवर लावलेलं व्याख्यान आणि प्रेक्षकांच्या हातात छोटा रेडिओ. वेढ्याच्या आत फिरता फिरता कानात माहिती ऐकू यायची, तीही डच, फ्रेंच, इंग्रजी, जर्मन यांतल्या हव्या त्या भाषेत.

पण सगळ्यांच्या कानांत एका वेळी वाक्य तेच. त्यामुळे अख्खा घोळका एका चित्रापुढून दुसऱ्यापुढे एकदमच सरके, माना एकदमच वळत. एखाद्या चित्रात जीव अडकला तरी रेंगाळायची सोय नाही. आवाज पुढे निघालेला असे. या कुळकथेतली मला सगळ्यांत मोलाची वाटते ती हीच अडचण. वाटाड्या मिळाला होता, पण चालायचं त्याच्याच चालीनं.

१९५७ मध्ये अमेरिकेत अकूस्टिगाइड नावाची कंपनी निघाली आणि टेप प्रेक्षकाच्या स्वतःच्या ताब्यात आली. तिची पहिली सफर हाइड पार्क या गावातल्या, दिवंगत राष्ट्राध्यक्ष फ्रँकलिन रूझवेल्टांच्या घराची, आणि ती सांगणाऱ्या खुद्द त्यांच्या पत्नी एलेनॉर रूझवेल्ट. त्या राहिल्या त्या घराबद्दल त्याच बोलत होत्या. तज्ज्ञाच्या जागी घरचं माणूस आलं, हे मला यंत्राइतकंच मोठं पाऊल वाटतं.

तो धागा पुढे नेला नाटकवाल्यांनी. कॅलिफोर्नियात ख्रिस हार्डमन यांचं अँटेना थिएटर प्रेक्षकांच्या कानाला वॉकमन लावून नाटकं करायचं. १९८०च्या दशकात त्यांनी अल्काट्राझ तुरुंगाची सफर बांधली. तिच्यात तिथले जुने पहारेकरी आणि जुने कैदी स्वतः बोलतात. कानात कोठड्यांची दारं आपटतात, आणि गर्दीतही आपण त्या गजांपुढे एकटे उभे असतो.

कॅसेट मात्र पहिल्यापासून शेवटपर्यंत ओळीनंच ऐकायची. ती ओळ मोडली डिजिटल यंत्रानं. वस्तूशेजारचा आकडा दाबायचा, तेवढंच ऐकायचं. २०१२ मध्ये पॅरिसच्या लूव्रनं तर निन्टेंडोचं खेळायचं यंत्रच या कामाला लावलं.

मुंबईच्या छत्रपती शिवाजी महाराज वस्तुसंग्रहालयात हा वाटाड्या मराठीतही बोलतो. एखाद्या मूर्तीपुढे त्याला थांबवावं, तोच आकडा पुन्हा दाबावा, आणि मन भरेपर्यंत तिथून हलू नये.