डेक्कन क्वीनची रेघ : रंग झाकण्याच्या तंत्राचा इतिहास

१/ पुण्याकडे निघालेल्या गाड्यांना बोरघाट चढण्यासाठी कर्जतला मागून बँकर इंजिने जोडली जातात. लोधिवली-खालापूर परिसरातील प्रवाशांना हे दृश्य परिचयाचे आहे. याच मार्गावर १ जून १९३० रोजी डेक्कन क्वीन प्रथम धावली. आजचा थ्रेड तिच्या रंगांविषयी आणि ते रंग छोट्या प्रतिकृतीवर उतरवणाऱ्या तंत्राविषयी.

२/ जीआयपी रेल्वेने या गाडीसाठी सात-सात डब्यांचे दोन रेक सिद्ध केले. डब्यांच्या खालच्या चौकटी इंग्लंडमध्ये घडल्या, वरची बांधणी माटुंग्याच्या कारखान्यात झाली. एक रेक चंदेरी, त्यावर लालभडक पट्ट्या. दुसरा गडद निळा, त्यावर सोनेरी रेघा.

३/ १९६६ मध्ये या डब्यांची जागा पेरांबूरच्या पोलादी डब्यांनी घेतली. कृष्णधवल छायाचित्रात लाल आणि निळा दोन्ही करडेच दिसतात. म्हणून मूळ रूप पुन्हा डोळ्यांनी पाहायचे, तर लिखित वर्णनावरून प्रतिकृती रंगवण्याला पर्याय उरत नाही.

४/ अडचण मापाची आहे. १:८७ या प्रचलित प्रमाणात २५ मिलिमीटर रुंदीची रेघ ०.३ मिलिमीटरहूनही बारीक होते. एवढी रेघ संपूर्ण डब्यावर हाताने सरळ ओढणे सिद्धहस्तालाही कठीण. तेथे उपयोगी पडते मास्किंग टेप.

५/ या टेपचा जन्म मोटारींमुळे झाला. १९२० च्या दशकात अमेरिकेत दुरंगी मोटारींची हौस वाढली. रंगारी वर्तमानपत्रे डिंकाने चिकटवत. ती काढताना खालचा ताजा रंगही सोलला जाई. थ्री-एम कंपनीतील रिचर्ड ड्रू यांनी १९२५ मध्ये यावर उपाय म्हणून सहज निघणारी कागदी चिकटपट्टी तयार केली. डेक्कन क्वीनच्या अवघी पाच वर्षे आधी!

६/ प्रतिकृतीवर क्रम उलटा असतो. सर्वांत वर भासणारी सोनेरी रेघ प्रथम रंगवतात. रंग पूर्ण वाळला की तिच्यावर बारीक कापलेली टेप बसवतात आणि कडा नखाने दाबतात. मग टेपच्या कडेवर सोनेरी रंगाचाच पातळ हात देतात. फटीत झिरपायचे ते सोनेरीच झिरपते, निळ्याला वाट उरत नाही. त्यानंतर निळ्याचे विरळ थर फवारतात आणि टेप मागे दुमडून, डब्याच्या पृष्ठालगत सावकाश ओढून काढतात.

७/ जून २०२२ मध्ये डेक्कन क्वीनला एलएचबी डबे आणि पुन्हा नवी रंगसंगती मिळाली. प्रत्येक बदलाबरोबर आधीचे रंग केवळ स्मरणात उरतात. आपल्या घरातील अल्बममध्ये या गाडीचे जुने रंगीत छायाचित्र असेल, तर ते जपावे आणि मागे वर्ष लिहून ठेवावे. उद्या कोणी प्रतिकृती रंगवायला बसेल, तेव्हा रेघ कोठे होती हे त्याला तेच सांगेल.