दिनविशेष : १ फेब्रुवारी

१ फेब्रुवारी १८७८ रोजी आंग्ल चित्रकार जॉर्ज क्रुइकशँक यांचे लंडन येथे देहावसान झाले. मद्यापायी एका सुखी कुटुंबाची झालेली वाताहत आठ चित्रांत दाखविणारी त्यांची १८४७ मधील ‘द बॉटल’ ही मालिका आजही अंतःकरण विदीर्ण करते. कारण तिच्यातील अपराधी कोणी दुर्जन नसून, भरल्या घरात पत्नीला घोटभर घेण्याचा आग्रह करणारा गृहस्थ आहे. तिसऱ्या चित्रात जप्तीची माणसे सामानसुमान उचलून नेत असताही दांपत्य बाटलीतच दिलासा शोधते. सातव्यात त्याच बाटलीने पत्नीचा वध होतो. व्यसनाचा हिशेब पिणाऱ्याच्या प्रकृतीपुरताच मांडणाऱ्या प्रत्येकाने ही चित्रे अवश्य पाहावीत. मालिका प्रसिद्ध झाल्यावर क्रुइकशँक यांनी स्वतःही मद्य वर्ज्य केले.