गोरखचिंच : उपनगरांत रुजलेला आफ्रिकेचा वृक्ष

सांताक्रूझ पश्चिमेला स्वामी विवेकानंद मार्गावर असलेले गोरखचिंचेचे जुने झाड मे २०२४ मध्ये मेट्रो २ ब मार्गिकेच्या कामासाठी तोडण्यात आले, तेव्हा अनेक उपनगरवासीयांना या वृक्षाचे नाव प्रथमच कळले. अंधेरीतील सीप्झच्या आवारात, भायखळ्याच्या राणीच्या बागेत आणि वसईच्या किल्ल्यातही हा वृक्ष आढळतो.

इंग्रजीत ‘बाओबाब’ म्हणून ओळखला जाणारा हा वृक्ष मूळचा आफ्रिकेतील गवताळ प्रदेशांतला. अठराव्या शतकात सेनेगलमध्ये त्याचा अभ्यास करणारे फ्रेंच निसर्गतज्ज्ञ मिशेल ॲडन्सन यांच्यावरून त्याचे ‘ॲडन्सोनिया डिजिटाटा’ असे शास्त्रीय नामकरण झाले. अरब व्यापारी, पोर्तुगीज आणि आफ्रिकेतून आलेले लोक यांच्यामार्फत तो आपल्या किनाऱ्यावर पोहोचला असावा, असे मानले जाते. मराठी नावाचा संबंध मात्र लोकपरंपरेने थेट गोरक्षनाथांशी जोडला आहे. परक्या झाडाला याहून आपुलकीचे नाव कोणते मिळणार?

नावातली ‘चिंच’ आली ती फळाच्या आंबट चवीमुळे. लहान दुधीसारखे दिसणारे, मखमली लव असलेले हे फळ फोडले की कठीण कवचाच्या आत पिठूळ, पांढरट गर मिळतो. त्यात ‘क’ जीवनसत्त्व संत्र्यापेक्षा अधिक असते. आफ्रिकेत हा गर पाण्यात वा दुधात कालवून पितात, कोवळ्या पानांची भाजी करतात आणि वाळलेल्या पानांची पूड कालवणात घालतात. बिया भाजून खातात, त्यांचे तेलही काढतात. रिकाम्या कवचाचे भांडे होते.

आपल्याकडील औषधी उपयोगांची नोंद एकोणिसाव्या शतकाच्या अखेरीस मुंबईत काम केलेले डॉक्टर विल्यम डायमॉक यांच्या ‘फार्माकोग्राफिया इंडिका’ या ग्रंथात सापडते. त्यानुसार कोकणात अतिसार व आमांश यांवर हा गर ताकातून देत असत, तर दुखऱ्या सुजेवर कोवळी पाने ठेचून त्यांचे पोटीस बांधत. हिवतापावर क्विनाइनऐवजी साल वापरण्याचाही प्रयत्न त्या शतकात झाला. पण सालीने क्विनाइनची जागा घेतली नाही. हे उपयोग पारंपरिक आहेत. वैद्याच्या सल्ल्याशिवाय कोणी ते स्वतःवर करून पाहू नयेत.

आतील सालीच्या चिवट धाग्यांपासून दोर, पिशव्या व जाळी विणतात. साल सोलली तरी झाड सहसा मरत नाही, नवी साल धरते. लाकूड मात्र इतके मऊ व पाणीदार की इमारतीच्या कामी निरुपयोगी. सुदानमध्ये पोकळ खोडांत पावसाचे पाणी साठवून कोरड्या महिन्यांत वापरण्याची पद्धत होती. मुंबईत पानगळीनंतर अनेक महिने हे झाड निष्पर्ण उभे असते आणि वाळलेले समजले जाते. पावसाळ्याच्या तोंडावर त्याला पालवी फुटते. मोठी पांढरी फुले रात्री उमलतात, वटवाघळे त्यांचे परागीभवन करतात.

या झाडांच्या वयाविषयी सांगितले जाणारे आकडे जपूनच घ्यावेत. खोडाचा घेर पाहून वय ठरवता येत नाही, त्यासाठी रेडिओकार्बन चाचणी लागते. युरोपीय संघाने २००८ मध्ये या गराला खाद्यपदार्थ म्हणून मान्यता दिल्यापासून त्याची भुकटी तिकडे आरोग्यवर्धक आहार म्हणून विकली जाते. महाराष्ट्रात २०२१ च्या कायदादुरुस्तीने पन्नास वर्षे वा त्याहून अधिक वयाच्या झाडांना ‘वारसा वृक्ष’ मानले आहे. सांताक्रूझचे झाड तोडले गेले ते त्यानंतर तीन वर्षांनी.