आतला मजकूर बदलून मिळेल

ग्रीटिंग कार्डाच्या आत दोन-चार ओळींचा छापील मजकूर असतो ना, त्याला अमेरिकेतल्या कार्डांच्या धंद्यात ‘सेंटिमेंट’ म्हणतात. म्हणजे कागद वेगळा, चित्र वेगळं आणि भावना हा आणखी एक सुटा पार्ट! घरी हौसेने कार्डं करणाऱ्या लोकांतही हाच शब्द रूढ आहे. कार्ड हाताने सजवायचं, सेंटिमेंट कॉम्प्युटरवर टाइप करून, हवा तो फाँट लावून प्रिंट काढायचं, पट्टी कापायची आणि चिकटवायची. ऐकायला हे घरोघरी प्रिंटर आल्यानंतरचं वाटतं. पण एका बाईने हाच उद्योग रीतसर कॅटलॉग छापून १८७९ साली केला होता. तिचं नाव एस्थर हाउलंड. गाव वुस्टर, राज्य मॅसॅच्युसेट्स. (स्पेलिंग पाहून कुणी वॉर्सेस्टर म्हणायला जाईल, पण तिथले लोक वुस्टरच म्हणतात.)

एस्थरचा जन्म १८२८चा. वडिलांचं वुस्टरमध्ये पुस्तकांचं आणि स्टेशनरीचं दुकान होतं. ती माउंट होल्योक फीमेल सेमिनरीत शिकली आणि १८४७ साली बाहेर पडली. त्या काळात मुलींना उच्च शिक्षण देणाऱ्या ज्या मोजक्या संस्था होत्या, त्यांतली ही एक. मेरी लायन या बाईंनी ती १८३७ साली सुरू केली होती आणि शिस्त कडक होती. एस्थर बाहेर पडली त्याच वर्षी तिथे एमिली डिकिन्सन दाखल झाली. हो, तीच, पुढे कवयित्री म्हणून जगप्रसिद्ध झालेली. फेब्रुवारी १८४८मध्ये तिने भावाला लिहिलेल्या पत्रात तक्रार आहे, की लायनबाईंनी व्हॅलेंटाइनच्या चिठ्ठ्या पाठवायला बंदी घातली. बंदी असूनही मुलींनी त्या पाठवल्याच. आपल्याकडे २०००च्या आसपास दर फेब्रुवारीत कार्डांच्या होळ्या पेटायच्या तेव्हा ‘हे पाश्चात्त्य खूळ’ असं म्हटलं जायचं. खुद्द पाश्चात्त्यांतही हे खूळ न आवडणारे होतेच की.

तर १८४७ साली एस्थरच्या हाती एक इंग्लिश व्हॅलेंटाइन कार्ड पडलं. वडिलांच्या व्यवसायातल्या एका ओळखीच्याने पाठवलेलं. इंग्लंडमध्ये तेव्हा ‘लेस पेपर’ निघत असे. ठसा दाबून कागदावर नक्षी उठवायची आणि मग उठलेले भाग काढून टाकायचे, की कागदाची जाळी तयार. त्यावर फुलं, पऱ्या, कबुतरं आणि मध्ये चार ओळी. अमेरिकेत असली कार्डं आयात होत आणि महाग पडत. एस्थरला वाटलं, हे आपल्यालाही जमेल. वडिलांकडून तिने लेस पेपर आणि रंगीत चित्रं मागवून घेतली, थोडे नमुने केले आणि दुकानाच्या मालासाठी फिरतीवर निघालेल्या भावाच्या पेटीत ठेवले. पुढची गोष्ट नेहमी अशी सांगितली जाते, की तिला दोनशे डॉलरच्या ऑर्डरची आशा होती आणि भाऊ परतला तो पाच हजार डॉलरच्या ऑर्डरी घेऊन. कंपन्यांच्या स्थापनेच्या कथा जशा गॅरेजमध्ये घडतात, तशीच ही वाटते. पण आकड्यांचं काही असो, तिला एकटीने ते काम उरकणं शक्य नव्हतं एवढं खरं.

इथे पोस्टाबद्दल थोडं सांगायला हवं, कारण ते नसतं तर या गोष्टीला अर्थच नव्हता. १८४५पूर्वी अमेरिकेत टपालाचा दर अंतरावर आणि कागदाच्या *संख्येवर* असे. एक कागद, एक दर. दोन कागद, दुप्पट. पाकीट हासुद्धा एक कागद! चारशे मैलांपलीकडे एका कागदाला पंचवीस सेंट. अशा हिशोबात पाच थरांचं, जाळीचं, चित्रं डकवलेलं कार्ड कोण पाठवणार? १८४५च्या कायद्याने हे बदललं. अर्ध्या औंसाला तीनशे मैलांपर्यंत पाच सेंट, त्यापुढे दहा. म्हणजे तुकडे किती आहेत हे आता पोस्ट मोजत नव्हतं, फक्त वजन करत होतं. १८५१पासून आगाऊ भरले तर तीन हजार मैलांपर्यंत तीनच सेंट. ब्रिटनने वजनावर एक पेनीचा दर १८४०मध्येच आणला होता (आपल्याकडे सरसकट अर्ध्या आण्याचं टपाल १८५४ साली आलं). कार्डांच्या इतिहासात लोक चित्रकारांबद्दल भरभरून लिहितात. मला विचाराल तर निम्मं श्रेय या टॅरिफ टेबलला द्यायला हवं.

तर घराच्या तिसऱ्या मजल्यावर एस्थरने मैत्रिणींना कामाला बसवलं. एक मुलगी फक्त चित्रं कापणार, दुसरी पाठीमागचा रंगीत कागद लावणार, तिसरी जाळी डकवणार, आणि कार्ड टेबलावरून पुढे सरकत जाणार. फोर्डने मोटारींसाठी सरकती असेंब्ली लाइन चालू केली ती १९१३मध्ये. काही लोक म्हणून एस्थरला फोर्डची आजी वगैरे म्हणतात. ते थोडं ताणलेलं आहे. कामाची अशी वाटणी कारखान्यांत आधीपासून होती. पण नुकत्याच शाळेतून निघालेल्या मुलीने ती घराच्या माळ्यावर राबवली, ही गोष्ट काही लहान नाही. पुढे काम इतकं वाढलं की तयार तुकड्यांचे खोके आणि एक नमुना बायकांच्या घरी पोचवला जाई आणि आठवड्याने झालेला माल परत आणला जाई. प्रत्येक कार्ड ती स्वतः तपासत असे. पापड-मसाले घरी वाटून देणारे आपले महिला गट आठवले ना?

तिची पहिली जाहिरात वुस्टरच्या ‘स्पाय’ या वर्तमानपत्रात फेब्रुवारी १८५०मध्ये आली. कार्डांच्या मागे लाल रंगात इंग्रजी ‘एच’ अक्षर असे आणि त्यावरून संग्राहक आजही तिचा माल ओळखतात. जाळीच्या खाली चकचकीत रंगीत कागदाचा छोटा तुकडा लावायचा, म्हणजे नक्षी उठून दिसते, ही तिची खास युक्ती. दुसरी म्हणजे थरांच्या मध्ये कागदाच्या घडीच्या स्प्रिंगा, ज्यामुळे वरचा थर उचलला जातो आणि कार्डाला खोली येते. साधं कार्ड पाच सेंटला, तर रेशीम आणि हाताने रंगवलेली चित्रं असलेली भारी कार्डं कित्येक डॉलरना.

आता मूळ मुद्दा, मजकुराचा. सुरुवातीपासून एस्थर कवितेच्या ओळी बहुतेक वेळा कार्डाच्या दर्शनी बाजूला न देता आत, छोट्या कागदावर छापून डकवत असे. वरवर ही किरकोळ गोष्ट. पण त्या काळात काय पणाला लागलेलं असे ते बघा. प्रेमाची चिठ्ठी म्हणजे गंमत असू शकत होती, किंवा लग्नाची मागणी. चित्रात मागे चर्चची इमारत असली तर तो लग्नाचा इशारा मानला जाई. ओळी जास्त गरम झाल्या तर नको तेवढं बांधून घेतलं, आणि फार गार झाल्या तर समोरची म्हणणार याला काही नकोच आहे! स्वतः लिहायची हिंमत नसलेल्यांसाठी इंग्लंडमध्ये तयार ओळींची पुस्तकं विकली जात. ‘द यंग मॅन्स व्हॅलेंटाइन रायटर’ हे १७९७चं. त्यातून बघून आपल्या अक्षरात उतरवायचं. (कॉपी-पेस्टच, फक्त टाक-दौतीने.) छापील कार्डांनी उतरवण्याचे कष्ट वाचवले, पण निवडही काढून घेतली. चित्र आवडलं पण ओळी भलत्याच, तर कार्ड दुकानातच राहायचं. भारी कार्डावर असं होणं दुकानदाराला परवडत नसे.

यावर एस्थरने काढलेला तोडगा आपल्या धंद्यातल्या कुणालाही चटकन कळेल. १८७९ साली तिच्या न्यू इंग्लंड व्हॅलेंटाइन कंपनीने ‘व्हॅलेंटाइन व्हर्स बुक’ काढलं. एकतीस पानं आणि त्यात एकशे एकतीस कविता, लाल, हिरव्या, निळ्या आणि सोनेरी शाईत, तीन वेगवेगळ्या आकारांत छापलेल्या. कार्डातल्या ओळी पसंत नसतील, तर या पुस्तकातून दुसऱ्या निवडा. ती चिठ्ठी आधीच्या ओळींवर डकवून मिळेल. संपलं!

आपल्या भाषेत सांगायचं तर तिने स्ट्रिंग हार्डकोड केलीच नाही. कार्डात एक डिफॉल्ट व्हॅल्यू, आणि हवी तर वरून ओव्हरराइड. गणित करून पाहा. समजा दुकानात कार्डाचे पन्नास नमुने आहेत. प्रत्येकात प्रत्येक कविता छापून ठेवायची म्हटली तर साडेसहा हजारांवर प्रकार झाले. ते ठेवायला वखार लागेल. त्याऐवजी पन्नास नमुने आणि एकशे एकतीस चिठ्ठ्या एवढंच ठेवायचं, जोडणी शेवटच्या क्षणी. तीन आकार का, तर कार्डाच्या मधली रिकामी जागा लहान-मोठी असते. चार रंगांच्या शाया का, तर ओळी नक्षीच्या रंगाशी जुळाव्यात. मजकूर ‘नंतर लावलेला’ दिसता कामा नये, नाहीतर पोरीला कळेल! घरी सेंटिमेंटच्या पट्ट्या छापणारे लोक आजही याच दोन गोष्टींशी झटत बसतात, अक्षराचा साइज आणि शाईचा रंग. मराठीत तर वेलांट्या आणि उकार वर-खाली जागा खातात, त्यामुळे पट्टी इंग्रजीपेक्षा उंचच कापावी लागते, नाहीतर ‘शुभेच्छा’चा उकार कात्रीत जातो.

आपल्याकडे याचं सख्खं भावंड म्हणजे लग्नपत्रिकेचं दुकान. भिंतीवर शेकड्यांनी कोरी कार्डं, गणपतीची, कलशाची, पालखीची. काउंटरवर मजकुराचे नमुने लावलेली जाडजूड फाइल. कार्ड इथून निवडायचं, ‘मॅटर’ तिथून. ‘आमच्या येथे श्री कृपेकरून’ हवं की आधुनिक काहीतरी, आणि खाली ‘माझ्या काकाच्या लग्नाला यायचं हं!’ घालायचं की नाही, यावर दोन्ही घरांत तासभर चर्चा. नावं, तारीख आणि मुहूर्त तेवढा आपला, बाकी सगळं तयार. आणि तरी पत्रिका हातात आली की ती *आपली* वाटते. कुणी म्हणत नाही की हा मजकूर आधी हजार जणांनी वापरलाय.

म्हणूनच ‘छापील भावना खोट्या’ हा जो नेहमीचा आरोप आहे, तो मला फारसा पटत नाही. एकशे एकतीसपैकी एकशे तीस नाकारून एक उचलणाऱ्या माणसाने काहीतरी म्हटलेलंच असतं. उलट मला खटकतं ते वेगळंच. एस्थरचं नाव सगळ्यांना माहीत, तिला अमेरिकन व्हॅलेंटाइनची आई म्हणतात (न्यूयॉर्कमध्ये तिच्याआधीही कार्डं छापणारे होते, ते सोडून देऊ). पण त्या टेबलाभोवतीच्या मुली आणि घरी खोके नेणाऱ्या बायका? कार्डावर सही कोणाचीच नाही, फक्त तो लाल ‘एच’. ओळींखालीही कवीचं नाव नसे, आणि ते बरोबरच होतं म्हणा. ओळी पाठवणाऱ्याच्याच आहेत असं भासवायचं होतं ना.

पुस्तक आलं त्याच सुमारास एस्थरने घरातलं काम इमारतीत हलवलं. पण दोनेक वर्षांतच, आजारी वडिलांची काळजी घ्यायची म्हणून, तिने धंदा विकून टाकला. इतकी वर्षं प्रेमाच्या चिठ्ठ्या विकल्या, पण स्वतः लग्न केलं नाही, यावर लिहिणाऱ्यांनी भरपूर उसासे टाकले आहेत. मला त्यात उसासा टाकण्यासारखं काही दिसत नाही. धंदा घेतला तो वुस्टरच्याच जॉर्ज व्हिटनीने. त्याने लेस पेपर आयात करण्याऐवजी जाळी पाडायची यंत्रंच आणली आणि कार्डं स्वस्त केली. मजकूर पुन्हा कार्डावर कायमचा छापला जाऊ लागला, आणि पुढच्या शतकात मोठ्या कंपन्यांनी तीच पद्धत जगभर नेली.

गंमत म्हणजे १९९०च्या दशकात अमेरिकन ग्रीटिंग्ज कंपनीने दुकानांत ‘क्रिएटाकार्ड’ नावाची यंत्रं ठेवली होती. पडद्याला बोट लावून नमुना निवडा, आपला मजकूर घाला, आणि काचेआड प्लॉटरचं पेन तुमच्या डोळ्यांदेखत कार्ड काढून देणार. ती फार वर्षं टिकली नाहीत. घरोघरी प्रिंटर आले आणि लोक स्वतःच पट्ट्या कापू लागले.

एस्थर हाउलंड १९०४ साली वारली. व्हिटनीची कंपनी १९४२पर्यंत चालली. महायुद्धात कागदावर निर्बंध आले तेव्हा ती बंद झाली.